आमवाताच्या गोळ्या आणि मोक्साचा शेक: दोन्ही सोबत कसे चालवायचे

बोंडातला कापूस ओढायला अंगठा आणि पहिली दोन बोटं लागतात. आमवात बहुतेकदा तिथूनच सुरू होतो: बोटांच्या मुळाची पेरं, मधली पेरं, मनगट. नखाजवळचं पेर तो सहसा सोडतो. दोन्ही हात बरोबरीने धरतात, सकाळी मूठ मिटत नाही, चुलीवरचं गंज उतरवताना सांडशी निसटते, आणि तास-दीड तासाने हात सैल होतात. पायाच्या बोटांच्या मुळाशीही असंच दुखतं. सकाळी पहिलं पाऊल टाकताना गोट्यांवर चालल्यासारखं वाटतं.

गुडघ्याच्या सांधेझिजेचं चित्र वेगळं. तिथे सकाळचा ताठरपणा दहा-पंधरा मिनिटांचा, दुखणं कामाने वाढणारं आणि बसलं की उतरणारं. दोघांनाही गावात 'वात'च म्हणतात, म्हणून घोळ होतो. शेक दोघांनाही बरा वाटतो, पण आमवातात नुसत्या शेकावर राहिलं तर आतलं हाड कुरतडलं जात राहतं. म्हणून मोक्साची कांडी (कुटलेल्या पानांची, चिनी पद्धतीच्या शेकाची) पेटवण्याआधी हा आमवातच आहे हे पक्कं झालेलं हवं.

आधी निदान

विदर्भात आमवातासारखे दिसणारे आजार बरेच आहेत. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन् महिने दुखतात, तेही दोन्ही बाजूंचे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याच्या कळा हाडांत आणि सांध्यांत येतात. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड जास्त आहे, त्याने कंबर आणि मान आखडते. सोबत ताप असेल, किंवा एकच सांधा अचानक टम्म सुजून लाल झाला असेल, तर तो सांध्यातला पू असू शकतो. तिथे शेक द्यायचाच नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

तपासणीत आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (या आमवाताच्या रक्ततपासण्या), ईएसआर, सीआरपी (या अंगातली सूज दाखवणाऱ्या) आणि हातापायांचा एक्स-रे असतो. नुसता आरए फॅक्टर पाहून ठरवू नये. तो निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येतो आणि आमवात असलेल्या पाचातल्या एखाद्यात तरी निगेटिव्ह राहतो. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा एम्स इथल्या मेडिसिन ओपीडीत एकदा तरी दाखवून निदान कागदावर लिहून घ्या. पुढच्या गोळ्या आणि तपासण्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या सल्ल्याने चालवता येतात.

गोळी काय करते, शेक काय करतो

आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजून जाड होतं आणि कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) नि हाड खायला लागतं. हा हल्ला थोपवणारी औषधं म्हणजे मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन, लेफ्लुनोमाइड. त्यांचा परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात, आणि तेवढ्यात बायामाणसं कंटाळून सोडून देतात. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन ही वेदनाशामकं दुखणं दाबतात, झीज थांबवत नाहीत.

मोक्सा म्हणजे आर्टेमिसिया कुळातल्या झाडाची वाळवून, कुटून कापसासारखी केलेली पानं. आपला दवणा त्याच कुळातला, पण जात वेगळी. बाजारातला दवणा वळून कांडी करू नका, ती ठिणग्या उडवते. मोक्सा हे नाव जपानी 'मोगुसा'वरून आलं, पद्धत मूळ चीनची. २०१० साली युनेस्कोने अ‍ॅक्युपंक्चर (सुया टोचण्याची पद्धत) आणि मोक्साचा शेक एकत्रच सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. आपला त्याच्याशी अगदीच संबंध नाही असं नाही. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस होते तसे नागपूरचे चोळकरही होते, आणि त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं.

औषधासोबत मोक्सा दिला तर नुसत्या औषधापेक्षा दुखणं, सूज, सकाळचा ताठरपणा थोडा अधिक उतरतो, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. काहींत ईएसआरही जास्त उतरलेला आहे. पण या चाचण्या बहुतेक चीनमधल्या, लहान, आणि रुग्णाला आपण शेक घेतोय हे कळत असताना केलेल्या. हाडाची झीज मोक्साने थांबते, याला भक्कम पुरावा नाही. म्हणून मोक्साची जागा जोड उपचाराची. गोळीच्या बदल्यात नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. मोक्सा म्हणजे डाग नव्हे. मेळघाटात लेकरांच्या पोटावर विळा तापवून देतात तो डम्मा, किंवा गुडघ्यावर बिब्ब्याचा चटका, यात कातडी जाळणं हाच उपाय मानलेला असतो. इथे कांडी कातडीला टेकतच नाही. फोड आला तर काम चुकलं, 'वात निघाला' नाही.

कोणाला मोक्सा नको

यादी मोठी आहे, आणि ती वाचण्याचा आळस करण्यासारखी नाही.

ज्या जागेला बधिरपणा आहे तिथे अजिबात नाही. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर असतात. कुष्ठरोग होऊन गेलेल्यांच्या हातापायांवर चट्टे बधिर राहिलेले असतात, आणि वरोऱ्याचं आनंदवन ज्या भागात उभं राहिलं तिथे ही शक्यता विसरून चालत नाही. पारख सोपी: डोळे मिटायला लावून कापसाच्या बोळ्याने हलकेच शिवायचं, मग कोमट आणि थंड चमचा टेकवून कोणता कोणता ते विचारायचं. दहापैकी एकदाही चुकलं तर ती जागा वगळा.

हत्तीपायाची सूज असलेला पाय वगळा. तिथे छोटी जखमही चिघळते. सिकलसेल असेल तर घोट्याजवळ शेक नको, तिथले व्रण महिनोन् महिने भरत नाहीत. दमा, जुना खोकला, किंवा आमवाताने फुप्फुस धरलं असेल तर धुराची कांडी नको, गरम पाण्याची पिशवी वापरा. गरोदरपणात पोट-कंबरेवर आणि अंगठ्याच्या बेचक्यातल्या बिंदूवर (बिंदू म्हणजे शेकायची ठरलेली जागा) नको, चिनी पद्धतही ते वर्ज्यच मानते. ताप असताना नको. रोज प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) घेणाऱ्याची कातडी कागदासारखी पातळ होते, तिथे अंतर वाढवून वेळ निम्मी करायची.

आणि जो सांधा आज हाताला गरम लागतो, चकाकतो, त्यावर थेट शेक नाही. त्याच्यापासून दूर, पायाच्या किंवा कंबरेच्या बिंदूवर द्या. सांधा थंड झाला की मग त्याच्यावर.

गोळ्यांची घडी आधी बसवा

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, कारण ही गोळी रोज घेतली गेली तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी खाली येतात आणि माणूस दगावू शकतो. मात्रा डॉक्टर ठरवतात. साधारण ७.५ ते १५ मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे २५ पर्यंत नेतात. वार ठरवायला सोपी खूण म्हणजे गावचा आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी रात्री जेवणानंतर. चिठ्ठीवर वार अक्षरात लिहून घ्या, आणि पाकिटावर पेनाने तोच वार टाका.

घोळ कुठे होतो ते बघा. ही गोळी २.५, ५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. १५ मिलिग्रॅमसाठी '२.५ च्या सहा गोळ्या' घेणाऱ्याला दुकानदाराने १० ची पट्टी दिली आणि त्याने सवयीने सहाच घेतल्या, की झाले ६० मिलिग्रॅम. म्हणून गोळ्यांची संख्या नाही, मिलिग्रॅम लक्षात ठेवायचे आणि दर पट्टीवर वाचायचे. दुसरा घोळ फोलिक अ‍ॅसिडचा. ५ मिलिग्रॅमची ही गोळी मेथोट्रेक्सेटच्या दिवशी न घेता दुसऱ्या दिवशी, किंवा डॉक्टर सांगतील त्या वारांना घेतात. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर असू शकतात. त्यामुळे दोन वेगळ्या डब्या ठेवा, एकीला लाल दोरा बांधा.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. चाळीस किलोच्या बाईला म्हणजे रोज २०० मिलिग्रॅमच. डोळ्याच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. सल्फासालाझिनने लघवी केशरी होते, घाबरू नका. लेफ्लुनोमाइडने जुलाब होतात, बीपी वाढू शकतो.

रक्त तपासणी (रक्तपेशींसाठी सीबीसी, यकृतासाठी एसजीपीटी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन) पहिले तीन महिने दर २ ते ४ आठवड्यांनी, नंतर दर २ ते ३ महिन्यांनी. मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट किमान तीन महिने आधी डॉक्टरांकडून बंद करून घ्यायचं. लेफ्लुनोमाइड अंगात फार काळ रेंगाळतं, ते धुऊन काढायला वेगळं औषध लागतं. दारू बंद, मोहाचीही. लघवीच्या जळजळीसाठी कोणी सेप्ट्रानच्या जातीची गोळी दिली तर 'मी मेथोट्रेक्सेटवर आहे' हे आधी सांगा, ही जोडी रक्तपेशी धोकादायक पातळीवर आणू शकते.

जाता जाता एक सावधगिरी. दोन दिवसांत सांधे मोकळे करणारी, चेहरा गोल करणारी 'देशी' पुडी मिळते, तिच्यात बहुतेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. अशी पुडी महिनोन् महिने घेतली असेल तर ती एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं थांबलेलं असतं, अचानक तोडलं तर बीपी पडतो आणि माणूस कोसळतो. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा, कमी कशी करायची ते तेच ठरवतील.

सामान

मोक्साची कांडी साधारण २० सेंटिमीटर लांब आणि पावणेदोन-दोन सेंटिमीटर जाड असते, तासाभराच्या आसपास जळते. चांगल्या कांडीतला कुटलेल्या पानांचा कापूस मऊ आणि पिवळसर असतो. हिरवट, काड्या दिसणारी कांडी तडतडते, ठिणगी टाकते. ती कितीही स्वस्त असो, परत करा. बिनधुराची कोळशासारखी कांडीही मिळते. ती पेटायला वेळ घेते आणि जास्त तापते, तिच्यासाठी अंतर एक सेंटिमीटर वाढवा. पावसाळ्यात कांडी ओल धरते, धुमसते आणि मध्येच विझते. स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवा, उघडीप मिळाली की उन्हात टाका.

बाकी सामान घरचंच: मेणबत्ती, राख झाडायला मातीचं पणतीसारखं भांडं, ओला फडका, पाण्याची बादली, विझवायला अर्धी वाळू भरलेली रुंद तोंडाची बरणी, आणि घड्याळ. कंबरेसाठी जाळीची लाकडी मोक्सा-पेटी मिळाली तर हात दुखत नाहीत.

जागा निवडताना एकच पाहायचं: कापूस. दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून घराघरांत खोलीभर कापूस साठलेला असतो. त्या खोलीत, कुटाराच्या ढिगाजवळ, पऱ्हाटीच्या गंजीशेजारी कांडी पेटवायची नाही. कापसात पडलेली ठिणगी आत धुमसत राहते, ज्वाळा कधी कधी रात्री दिसते. ओसरीत किंवा खिडकी उघडी असलेल्या खोलीत, शेणाने सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर बसा. पंखा बंद. राख उडते आणि ऊब लागत नाही.

शेक देण्याची रीत

शेक दुसऱ्याने द्यायचा. ज्याची बोटं आखडलेली आहेत त्याच्या हातात पेटती कांडी धरवू नका, ती पडते. पहिल्या काही वेळा प्रशिक्षित माणसाकडून शिकून घ्या. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा आणि परिषद आहे, तेव्हा शिकवणाऱ्याला नोंदणी आहे का ते विचारायला संकोच नको.

जेवून तासभर झालेला असावा, उपाशीपोटी भोवळ येते. जागेवर बाम, तेल, वेदनाशामक मलम लावलेलं असेल तर साबणाने धुवून कोरडं करा, त्यावर शेक दिला की भाजतं. औषधाची पट्टी चिकटवली असेल तर काढा, उष्णतेने त्यातलं औषध अंगात जास्त शिरतं. बांगड्या, पाटल्या, जोडवी काढा, धातू तापतो.

कांडीचं टोक मेणबत्तीवर फिरवत पूर्ण लाल करा, फुंकर घालून सगळीकडे सारखं पेटलंय ते बघा. मग कातडीपासून २ ते ३ सेंटिमीटरवर धरा आणि रुपयाएवढ्या जागेवर सावकाश गोल फिरवा. देणाऱ्याच्या दुसऱ्या हाताची दोन बोटं बिंदूच्या दोन्ही बाजूंना टेकलेली असली पाहिजेत. रुग्णाला किती तापतंय ते त्या बोटांना कळतं. राख दर दोन-तीन मिनिटांनी भांड्यात टेकवून झाडा. लांब राख कातडीवर पडून झालेलं भाजणं हेच सगळ्यात जास्त दिसतं.

पुस्तकांत 'कातडी गुलाबी होईपर्यंत' असं असतं. उन्हात राबलेल्या सावळ्या कातडीवर गुलाबी दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत थांबाल तर फोड येईल. कातडीचा रंग बघू नका. दर मिनिटाला कांडी बाजूला घेऊन हाताची मागची बाजू त्या जागेला लावा. कोमट-गरम लागली की पुरे. आणि विचारत राहा, 'मावशी, ऊब लागते का, का चटका लागते?' आपल्या बायामाणसांना सोसायची सवय असते, 'लागते' म्हणायला त्या लाजतात. 'जितकं सोसाल तितका गुण' ही समजूत पहिल्याच दिवशी मोडून काढा.

कुठे, किती वेळ

गुडघ्याखालचा बिंदू, चिनी नाव झूसानली. हा पहिला शिकायचा. वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो त्याच्या खालच्या काठाच्या पातळीला, नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेरच्या बाजूला. पुस्तकात 'वाटीखाली चार बोटं' असं माप असतं, पण आमवातात बोटंच सुजलेली असतात आणि माप चुकतं, म्हणून हाडाच्या खुणेवर भर द्या. दोन्ही पायांना प्रत्येकी १० मिनिटं.

कंबरेचे दोन बिंदू, शेनशू: बेंबीच्या पातळीला पाठीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं अंतरावर. पेटी असेल तर १५ मिनिटं. रुग्ण पालथा झोपलेला असतो, त्याला दिसत नाही, म्हणून बाजूला बसून राहा. पेटी ठेवून गुरांना पाणी पाजायला जायचं नाही.

हातांसाठी मनगटाच्या मागच्या बाजूला, सुरकुतीपासून तीन बोटं वर, दोन हाडांच्या मधे, वायग्वान, ५ मिनिटं. मग बोटांच्या बेचक्यांतल्या जागा. हात उशीवर पालथा, बोटं थोडी पसरलेली, आणि कांडी चारही बेचक्यांवरून मागेपुढे फिरती ठेवायची, एका जागी थांबवायची नाही. एका हाताला ८ ते १० मिनिटं. इथली कातडी पातळ आहे आणि खाली मांस नाही, ३ सेंटिमीटरच्या आत येऊ नका. पायाच्या बोटांच्या मुळाशी दुखत असेल तर तिथेही तसंच.

चिनी पद्धतीत आल्याच्या चकतीवर मोक्साचे छोटे शंकू जाळतात. तो प्रकार घरी करू नका. चकती सुकत जाते, उष्णता अचानक वाढते आणि खाली फोड येतो.

पहिल्या दिवशी फक्त पायाचे दोन बिंदू, ५-५ मिनिटं. दुसऱ्या दिवशी कातडी, खोकला, दुखणं कसं आहे ते पाहूनच वाढवा. पुढे आठवड्यातून तीनदा, एका वेळी एकूण ४०-४५ मिनिटांपर्यंत, म्हणजे सगळ्या जागा एकाच दिवशी नाहीत. मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी शेक ठेवू नका. याला औषधशास्त्राचं कारण नाही, पण त्या दिवशी बऱ्याच जणांना मळमळतं आणि मोक्साचा वास ती वाढवतो. बाजार मंगळवारचा असेल तर गुरुवार, शनिवार, सोमवार धरा.

शेक संपल्यावरची पंधरा मिनिटं वाया घालवू नका. हात गरम आणि सैल आहेत तोवर मूठ मिटणं-उघडणं दहादा, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावणं दहादा, तळहात टेबलावर पालथा ठेवून एकेक बोट वर उचलणं दहादा. अर्धा गुण या व्यायामाचा असतो, असं आमचं मत. लगेच थंड पाण्यात भांडी घासायला बसू नका.

कांडीचं पेटतं टोक वाळूत खोल रोवा, बरणीचं तोंड झाका आणि बरणी रात्रभर उघड्यावर ठेवा. वरून विझलेली दिसली तरी आत तासभर लाल असते. पाण्यात बुडवली तर विझेल, पण पुन्हा पेटणार नाही.

वही

शेकाने बरं वाटलं म्हणून गोळी सोडली, हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात नेहमीचं बिघडणं. ऊब दुखण्याची जाणीव कमी करते, आतली आग मोजत नाही. ती मोजायला वही लागते. दोन रुळांची शाळेची वही पुरे, लेक किंवा सून भरेल. एक ओळ अशी दिसते:

'गुरुवार. सकाळी ताठर ७० मिनिटं. मूठ: उजवी अर्धी, डावी पूर्ण. सुजलेले सांधे ५ (रविवारची मोजणी). शेक ३० मिनिटं. डायक्लो १. खोकला नाही.'

सुजलेले सांधे मोजायला डॉक्टरांचीच २८ सांध्यांची पद्धत वापरा: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, आणि दोन्ही हातांच्या बोटांची मुळाची नि मधली मिळून वीस पेरं. अंगठ्याने हळू दाबून पिचकं लागतं का ते बघायचं. दर रविवारी एकदा पुरे, रोज मोजायची गरज नाही. ताठरपणाची मिनिटं मात्र रोज.

महिन्याने वही आणि रक्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवा. ताठरपणा घटला, सांधे कमी झाले, सीआरपीही उतरला, तर दोन्ही चालू. ताठरपणा घटला पण सुजलेले सांधे तितकेच आणि सीआरपी चढाच, तर शेक दुखणं झाकतोय. अशा वेळी औषध वाढवायची गरज असते, कमी करायची नाही. हा निर्णय डॉक्टरांचा. मोक्सा घेतो हे त्यांच्यापासून लपवू नका. रागावले तरी चालेल, त्यांना माहीत असलेलं बरं.

काय बिघडतं आणि का

भाजलं तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही नाही. फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. मेथोट्रेक्सेट आणि स्टिरॉइडवर असलेल्याची जखम लवकर पिकते, त्यामुळे रुपयापेक्षा मोठा फोड, पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा. ताप किंवा पू असेपर्यंत मेथोट्रेक्सेटचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

खोकला लागला की सगळे धुरावर ढकलतात. धूर असेल तर शेक दोन दिवस थांबवल्यावर कमी व्हायला हवा. थांबला नाही, कोरडी ढास आणि चालताना दम लागतो, तर मेथोट्रेक्सेटने फुप्फुसाला सूज आलेली असू शकते. गोळी थांबवून लगेच दवाखाना. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असेल तर बेडका तपासा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर क्षय डोकं वर काढतो.

उन्हाळा हा वेगळा धोका. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. घाम, जुलाब, उलटीने पाणी कमी झालं, वरून डायक्लोफेनॅक चालू असलं, तर मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट बाहेर पडत नाही आणि अंगात साठतं. तोंडात फोड, अंगावर निळे डाग, ताप ही त्याची खूण. जुलाब-उलट्यांच्या आठवड्यात डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. मोक्साही एप्रिल ते मृग लागेपर्यंत पहाटे सहाच्या आत, निम्मा वेळ द्या किंवा सरळ बंद ठेवा. आमवाताला खरी उबेची गरज थंडीत आणि झडीच्या दिवसांत असते.

गुण येतो की नाही हे पाहायला ८ ते १२ आठवडे द्या. तेवढ्यात ताठरपणाची मिनिटं हलली नाहीत, तर कांडीवर पैसे घालू नका. गरम पाण्याची पिशवी किंवा मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून दिलेला शेक तेवढंच काम करेल. गोळ्या ठरलेल्या वारी चालू ठेवा आणि पुढच्या फेरीला वही सोबत न्या.